मरणाचे नाव

दिवाळीच्या अंकात मरणाचा विषय काढला म्हणून कोणी रागावू नये. आपल्या दिवाळीची सुरुवातच मुळी यमाला दिवा दाखवून होते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा करायचा, वातीचे तोंड दक्षिणेकडे ठेवायचे आणि घरात अपमृत्यू येऊ नये म्हणून हात जोडायचे, ही रीत आमच्या पिपरी मेघेत अजून पुष्कळ घरी पाळतात. धन्वंतरीचा दिवसही तोच. वैद्याचे आणि यमाचे स्मरण एकाच तिथीला ठेवणाऱ्या पूर्वजांच्या अंगी मिश्कीलपणा होता की शहाणपणा, याचा निवाडा मी करीत नाही. सणासुदीला मरणाचे नाव काढू नये हा आडपडदा त्यांनी ठेवला नाही, एवढे खरे. तो आपण ठेवतो.

मरणाचे नाव काढणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाने मला गेले वर्षभर छळले आहे. निमित्त झाले एका नकाशाचे. माझा एक जुना विद्यार्थी सध्या डॉक्टरी शिकतो. उन्हाळ्याच्या सुटीत तो भेटायला आला, तेव्हा त्याच्या पुस्तकात जगाचा एक नकाशा होता. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पण मास्तरकीत आयुष्य गेल्यामुळे नकाशा दिसला की तो वाचल्याशिवाय मला राहवत नाही. हा नकाशा पावसाचा नव्हता की पिकांचा नव्हता. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने कोणत्या देशात लाखामागे किती माणसे मरतात, ते त्यात रंगांनी दाखविले होते. युरोप गडद, उत्तर अमेरिका गडद, जपान गडद. आफ्रिकेचा मधला भाग फिका. आणि आपला हिंदुस्थान, आपल्या वर्ध्यासकट, अगदी फिका, जवळजवळ कोऱ्या कागदासारखा.

"म्हणजे आपण सुखी," मी म्हटले.

विद्यार्थी हसला. तो म्हणाला, "गुरुजी, परीक्षेत कोरा कागद दिला तर तुम्ही किती मार्क देत होता?"

त्याच्या त्या बोलण्याने माझी झोप उडविली असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण विषय डोक्यातून जाईना.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढ्यात आडवी पडलेली ग्रंथी. लांबी वीतभराहून थोडी कमीच. अन्न पचविणारा रस ती करते आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिनही तीच करते. नावात 'स्वादु' आहे. आणि तिचे दुखणे मात्र माणसाच्या तोंडची चव आधी पळविते. ही ग्रंथी इतकी आत दडलेली असते की तिथे गाठ झाली तरी बाहेरून हाताला लागत नाही. भूक मंदावते, वजन उतरते, पाठीत कळ येते, आणि गाठ ग्रंथीच्या डोक्याशी असली तर पित्ताची वाट दाबली जाऊन डोळे पिवळे होतात. तोवर बहुतेकांच्या बाबतीत उशीर झालेला असतो. शंभरातल्या पंधरा-वीस रोग्यांवरच शस्त्रक्रिया करता येते. २०२२ साली साऱ्या जगात या रोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रोगी मोजले गेले आणि त्याच वर्षी या रोगाने मेलेल्यांची संख्या होती सुमारे ४ लाख ६७ हजार. रोगी किती आणि मृत किती, यांत अंतर म्हणावे असे उरतच नाही. न्यूयॉर्कचा कोट्यधीश असो की आर्वीचा कोतवाल असो, एकदा का हा रोग पसरला की दोघांची गत फारशी वेगळी होत नाही.

मग नकाशावर इतका फरक कसा? हंगेरीसारखा देश यादीत वरच्या टोकाला. पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिका लाखामागे सात-आठच्या घरात. आणि आपण लाखाला एकाच्या आसपास.

पहिले उत्तर सोपे आहे. हा म्हातारपणी होणारा रोग. एखाद्या वृद्धाश्रमात वर्षभरात किती जण दगावले आणि आमच्या शाळेत किती, याची तुलना करून "शाळेची हवा उत्तम" असा निष्कर्ष काढणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू? म्हणून जाणते लोक दोन्ही देशांतली माणसे सारख्याच वयाची आहेत असे धरून हिशेब पुन्हा मांडतात. वर दिलेले आकडे तसे मांडलेलेच आहेत. तरीही फरक उरतो, आणि पुष्कळ उरतो.

त्यातला काही खरा आहे. धूम्रपानाने या रोगाचा धोका जवळपास दुप्पट होतो, आणि पाश्चात्त्य देशांतल्या बायकापुरुषांनी विसाव्या शतकात सिगारेटी ओढल्या तेवढ्या आपल्या बायकांनी खचितच ओढल्या नाहीत. लठ्ठपणाने धोका वाढतो, बरीच वर्षे मुरलेल्या मधुमेहाने वाढतो, दारूने स्वादुपिंडाला वारंवार सूज येत राहिली तर वाढतो. केरळात उष्ण कटिबंधातला म्हणून ओळखला जाणारा स्वादुपिंडाचा एक जुनाट विकार आहे; त्यात ग्रंथीत खडे होतात आणि पुढे अशा रोग्यांना कर्करोगाचे भय अधिक असते. म्हणजे एकाच देशात जागेजागेचे दैव निराळे. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची नोंदवही आहे, तपासणीची साधने आहेत, टाटा रुग्णालय तर १९४१ पासून आहे. तरी मुंबईचा आकडा युरोपाच्या जवळ जात नाही. इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या लोकांतही कर्करोगाचे एकूण प्रमाण तिथल्या गोऱ्यांपेक्षा कमी आढळले आहे, आणि तिथे तर तपासणी सर्वांना सारखीच. तेव्हा आपला फिका रंग सगळाच खोटा असे म्हणणारा माणूस उलट्या बाजूने चुकतो. आपल्या दारिद्र्याने, पायी चालण्याने आणि ज्वारीच्या भाकरीने आपल्याला काही तरी दिले आहे. ते आपण झपाट्याने परत करीत आहोत, ही गोष्ट वेगळी. आमच्या विदर्भातला खर्रा तर या हिशेबात धरलाच पाहिजे. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत धूर ओढणारे प्रौढ शंभरात चारही भरले नाहीत, पण तोंडात तंबाखू धरणारे चोवीस भरले. आणि तोंडातली तंबाखू केवळ तोंडाचाच नव्हे तर स्वादुपिंडाचाही कर्करोग करते असे जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञांनी ठरविले आहे.

पण उरलेला फरक? तो रोगाचा नसून कागदाचा आहे असे मला वाटू लागले आहे.

आपल्या देशात २०२० साली नोंदलेल्या दर शंभर मृत्यूंपैकी सुमारे बावीस-तेवीस मृत्यूंचेच कारण डॉक्टरने लिहून दिलेले होते. बाकीचे कशाने गेले? वृद्धापकाळाने. हृदयक्रिया बंद पडल्याने. (हृदयक्रिया बंद न पडता मेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.) तापाने. काविळीने. अशा शब्दांनी वह्या भरतात आणि त्या वह्यांवरून नकाशे रंगतात. कर्करोगाच्या नोंदवह्यांनी २०१२ ते २०१६ या काळाचे आकडे प्रसिद्ध केले, त्यात मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांत लाखामागे वर्षाला २६९.४ नवे रोगी, आणि आपल्या उस्मानाबाद-बीड भागात ३९.५. हे सगळे कर्करोग मिळून. एकाच देशातले दोन मुलूख आणि जवळजवळ सातपटीचे अंतर! ऐझॉलला तंबाखूचा सोस फार आणि तिथले खाणेपिणे निराळे, हे खरे. परंतु मराठवाड्यातला शेतमजूर ऐझॉलच्या माणसाच्या सातपट निरोगी आहे, असे त्या मजुराला जाऊन कोणी सांगेल काय?

मोजायला गेले की आकडा वाढतो, हे वर्ध्याच्या माणसाला नव्याने सांगायला नको. आमच्या जिल्ह्याने हे महारोगाच्या बाबतीत पाहिले आहे. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला महारोग्यांची सेवा सुरू केली. पुढे सेवाग्रामात गांधीजींनी परचुरे शास्त्र्यांना जवळ ठेवून घेऊन स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. पण माझ्या विषयाशी अधिक जवळची गोष्ट त्यानंतरची. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले आणि त्याच्या कार्यकर्त्यांनी दवाखान्यात रोग्याची वाट पाहत बसण्याऐवजी गावोगाव घरोघर जाऊन माणसे तपासायला सुरुवात केली. आधी शोधायचे, मग समजावून सांगायचे, मग औषध द्यायचे. घराच्या मागच्या खोलीत, गुरांच्या गोठ्यात लपविलेली माणसे तेव्हा वहीत आली. वहीचा आकडा फुगला. रोग वाढला होता काय? मुळीच नाही. लपविणे कमी झाले होते. ज्या गावाचा आकडा त्या वर्षी सर्वांत मोठा, त्या गावाला कोणी रोगट म्हटले असेल. खरे म्हणजे त्या गावाने धीर दाखविला होता.

बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली, तिथेही मार्ग तोच. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यांतून कार्यकर्ते हिंडत, लोकांशी बोलत, कोणाला गाठ आहे, कोणाला गिळता येत नाही याची चौकशी करीत. आमच्या वर्धा जिल्ह्याची नोंदवही २०१० पासून सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ठेवली जाते. पिपरी हे आर्वी रस्त्यावरचे गाव. एका अंगाला सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला सावंगी, अशा दोन मोठ्या रुग्णालयांच्या मधोमध आम्ही नांदतो. तेव्हा उद्या एखाद्या नकाशात आमचा जिल्हा शेजारच्या जिल्ह्यापेक्षा थोडा गडद दिसला तर पिपरीच्या विहिरींना किंवा कपाशीवरच्या फवाऱ्याला लगेच दोष देण्याचे कारण नाही. तसा दोष देणारे आमच्या पारावर आहेत. वीस हजार वस्तीच्या गावात लाखाला एक या हिशेबाने पाच वर्षांत एक माणूस या रोगाने जायचा. तो एकाच वर्षी दोघांना घेऊन गेला की पारावर विज्ञान सुरू होते. फवाऱ्याचा संशय घ्यावा, चौकशीही व्हावी. पण दोन मरणांवरून नकाशा होत नाही.

याच्या उलट टोक असे की "हा रोग आपल्याकडे नाहीच" ही समजूत एकदा बसली म्हणजे डॉक्टरलाही संशय येत नाही. संशय नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून हा रोग आपल्याकडे नाहीच. घाण्याच्या बैलाप्रमाणे ही समजूत स्वतःभोवती फिरत राहते.

देशातल्या मृत्यूंची अशी एक मोठी पाहणी २००१ ते २००३ या वर्षांतल्या मरणांविषयी झाली. सव्वा लाखाच्या आसपास मृत्यू, प्रत्येक घरी जाऊन, "काय होत होते? किती दिवस? खोकला होता का? गाठ होती का?" असे नातलगांना विचारायचे आणि त्यावरून डॉक्टरांनी कारण ठरवायचे. २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. खेड्यातला कर्करोगाचा मृत्युदर शहराच्या जवळजवळ बरोबरीचा निघाला, आणि निरक्षरांचा चांगल्या शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक! हा श्रीमंतांचा रोग, शहरी रोग, ही आपली कल्पना किती पोकळ होती ते कळले. पण स्वादुपिंड अशा विचारपुशीलाही दाद देणार नाही असे मला वाटते. छातीतली गाठ बायको सांगू शकते, तोंडातली जखम मुलगा सांगू शकतो. जठराच्या मागे काय झाले ते घरचे कसे सांगणार? ते सांगतात, "कावीळ झाली, वाळले, गेले."

आमच्याकडे काविळीवर औषध डॉक्टरचे नसते. काडीकाडीची माळ गळ्यात घालतात. ती रोज थोडी लांबत जाते आणि पोटापर्यंत उतरली की कावीळ उतरली असे मानतात. चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळे झाले की "निघाली" म्हणतात. साध्या काविळीचा रोगी आपल्या आपण बरा होतो आणि यश माळेला मिळते. न बऱ्या होणाऱ्या काविळीचा रोगी मरतो, तेव्हा अपयश पथ्याला मिळते.

आमच्या आळीत एक गृहस्थ होते. जिनिंगमध्ये आयुष्य काढून घरी बसलेले, साधे, बोलके. त्यांना गेल्या वर्षी कावीळ झाली आणि तीन महिन्यांत ते गेले. मृत्यूची खबर देण्याचा छापील कागद घेऊन त्यांचा थोरला मुलगा माझ्याकडे आला, कारण आळीतले सगळे कागद मास्तराने भरायचे असा प्रघात आहे. हा कागद वाचकांनी एकदा वाचावा. मृताचे नाव, वय, पत्ता हे तर असतेच. धूम्रपानाची सवय किती वर्षे, तंबाखू किती वर्षे, सुपारी किती वर्षे, दारू किती वर्षे हेही सरकार विचारते. आणि एक रकाना असतो, रोगाचे नाव किंवा मृत्यूचे खरे कारण.

मुलगा म्हणाला, "कावीळ लिहा, सर." आणि मग हळू आवाजात, खिशातून एका दवाखान्याचा घडी घातलेला कागद काढून दाखवीत म्हणाला, "तसं हे आहे. पण हे कोणाला माहीत नाही. ताईचं जमत आलं आहे, फाल्गुनात लग्न धरतो आहोत. पोराकडच्यांनी घराण्यात रोग आहे म्हटलं तर?"

कागदावर सीटी स्कॅनचा निकाल होता. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ, यकृतातही पसरलेली. तारीख तीन महिन्यांपूर्वीची. तीन महिने हा चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा ते एकटा घेऊन हिंडत होता. बापाला सांगितले नाही, आईला सांगितले नाही. डॉक्टरने "आता सेवा करा" म्हटले तेव्हा घरी येऊन त्याने "कावीळच आहे, पथ्य सांगितलं आहे" असे सांगितले.

आई दाराशी केव्हा येऊन उभी राहिली ते आम्हा दोघांनाही कळले नाही.

"कोनता कागद आहे, मास्तर?" तिने विचारले.

मुलगा खाली पाहू लागला. मी मुलाकडे पाहिले. शेवटी त्यानेच सांगितले. ती बाई रडेल, मुलावर चिडेल असे मला वाटले होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग पथ्य कायचं पायलं म्या?"

तिने तीन महिने नवऱ्याला काविळीचे पथ्य पाळायला लावले होते. तेल नाही, तिखट नाही, हळद नाही, तूप नाही. उकडलेले खाणे आणि उसाचा रस. शेवटच्या पंधरा दिवसांत त्यांना काही गिळवेना; पण त्यापूर्वी ते पाटोडीचा रस्सा मागत होते. एकदा शेजारच्या मुलाने वर्ध्याहून गोरसपाक आणला, त्यातला अर्धा तुकडा त्यांनी तोंडात घातला तर तिने तोंडात बोट घालून काढला. "तुपातला हाय म्हणून काहाडला, मास्तर. मले कोनं सांगतलं असतं तं म्या रोज पाटोडी केली असती. मागू मागू गेले."

माझ्या सगळ्या नकाशांवर त्या बाईच्या या दोन वाक्यांनी मात केली आहे. खोट्या नावाची किंमत कोणी तरी मोजतच असते. सरकारी आकडा चुकतो ही किंमत फार दूरची. तिच्यासाठी कोणी डोळ्यांत पाणी आणणार नाही. इथे ती किंमत एका मरत्या माणसाने रोज दोन वेळा ताटावर बसून मोजली.

आणि केवळ ताटावर नव्हे. या रोगाची पाठीतली कळ भयंकर असते. ती थांबवायला मॉर्फीन आहे. पूर्वी ते मिळविणे म्हणजे दिव्य होते, २०१४ साली कायदा बदलून ते थोडे सुकर झाले. पित्ताची वाट दाबली गेली तर दुर्बिणीतून आत नळी बसविता येते, डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो आणि रात्रंदिवस अंग खाजवीत बसण्याचा छळ थांबतो. माणूस वाचत नाही, पण माणसासारखा मरतो. मात्र त्यासाठी रोगाचे नाव घ्यावे लागते. काविळीला मॉर्फीन कोण देईल?

नाव लपविणे हा काही खेड्यातल्या अडाणी माणसांचा मक्ता नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१८ च्या फेब्रुवारीत आजारी पडले. मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली असे उपचार झाले. पण त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे हे आरोग्यमंत्र्यांच्या तोंडून जाहीरपणे ऐकायला लोकांना ऑक्टोबर उजाडला. १७ मार्च २०१९ ला ते गेले. नाकात नळी असताना कामावर येणारा तो माणूस भित्रा होता असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. या नावाभोवतीची कुजबुज माणसाच्या धैर्याहून जुनी आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये मृत्यूंची कारणे ठरविण्यासाठी म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असत. त्या मयताच्या घरी जायच्या, प्रेत पाहायच्या आणि कारण कळवायच्या. त्या याद्यांवरून जॉन ग्राँट नावाच्या एका कापडवाल्याने १६६२ साली एक पुस्तक लिहिले. मृत्यूच्या आकड्यांचे शास्त्र तिथून सुरू झाले म्हणतात. त्याच्या ध्यानात आले की उपदंशासारख्या लाजिरवाण्या रोगाने मेलेली माणसे यादीत फारच थोडी आहेत. कारण उघड होते. घरचे लोक त्या म्हातारीला थोडी दारू पाजत, हातावर चार पैसे ठेवत, आणि उपदंशाचा क्षय होऊन जाई. म्हणजे आकड्यांचे शास्त्र जन्मले त्याच दिवशी आकड्यातली लाजही जन्मली होती.

आता, दुसरी बाजू मी टाळणार नाही, कारण ती मला रात्री टाळू देत नाही. माझी एक आत्याबाई आहे. तिचे म्हणणे असे की नाव कळायला पैसा लागतो. तपासण्या, नागपूरच्या खेपा, तुकडा काढून तपासणे. बैल विकून, कर्ज काढून घरच्यांनी हे सगळे करायचे, आणि हाती काय यायचे? एक नाव. "माणूस तं जातेच. मंग त्या नावाले का चाटाचं?" या प्रश्नाला जो चटकन उत्तर देतो त्याने गरिबी पाहिलेली नाही. सरकारचा नकाशा बरोबर रंगावा म्हणून एखाद्या मजुराने आपली दोन एकर गहाण टाकावी, असे मी म्हणणार नाही, म्हणणाऱ्याशी भांडेन. नाव शोधण्याचा खर्च सगळ्या समाजाने उचलला पाहिजे, कारण त्या नावाचा उपयोग मुख्यतः पुढच्यांना आहे. त्या कोऱ्या जागेत आज जे भरले जाईल त्यावरून तीस वर्षांनी कोणी तरी ठरवील की वर्ध्यात काय घडत होते, खर्ऱ्याने काय केले, मधुमेहाने काय केले. मरणारा माणूस हे ऋण कोणाचे फेडतो? ज्यांच्या नोंदी होत्या म्हणून त्याच्या डॉक्टरला निदान करता आले, त्या अनोळखी माणसांचे.

पण नाव माहीत नसणे आणि माहीत असून लपविणे या दोन गोष्टी आत्याबाई एक करते, ते मला मान्य नाही. पहिलीत गरिबी आहे. दुसरीत आपण रोग्याच्या वतीने परस्पर ठरविलेले असते की तू आता लहान मूल झालास, तुला काही सांगायचे नाही. पवनारला १९८२ साली हृदयविकाराचा झटका आल्यानंतर विनोबांनी अन्न आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्याच दिवशी, देह ठेवला. त्यांनी केले ते बरोबर की चूक यावर वाद घालणारे तेव्हाही होते, आजही असतील. मला त्या वादात शिरायचे नाही. त्यांना आपल्या देहाचे काय चालले आहे ते ठाऊक होते, म्हणून ठरविणे त्यांच्या हाती राहिले, एवढेच मी पाहतो. विनोबांसारखे मरण आपल्याला साधायचे नाही. पण मरण्यापूर्वी पाटोडी खावी की न खावी हे ठरविण्याइतके तरी आपल्या हाती असावे की नाही?

काही माणसांना खरोखर ऐकायचे नसते, हेही मी पाहिले आहे. डॉक्टर बोलू लागला की ती मुलाकडे बोट दाखवितात. अशा माणसाच्या कानात जबरदस्तीने नाव ओतणे हा क्रूरपणा आहे. आधी त्यालाच विचारावे, किती सांगू? तो नको म्हणाला तर तोही त्याचा हक्क. मात्र त्याचा कान आणि पंचायतीची वही या दोन जागा वेगळ्या आहेत. आणि गंमत अशी की आपल्या कायद्याला हे ठाऊक होते. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा सांगतो की मृत्यूचा दाखला कोणालाही दिला तरी त्यात मृत्यूचे कारण उघड करायचे नाही. वहीत नाव राहते, मोजणाऱ्याच्या कामाला येते. सोयरिकीला आलेल्या माणसाच्या हाती पडत नाही. म्हणजे ज्या भीतीने त्या मुलाने तीन महिने जीभ दाबून धरली होती, त्या भीतीची निदान कागदापुरती तरी सोय आपल्या कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मी सांगितले तेव्हा तो नुसता ऐकत राहिला.

रकान्यात काय लिहायचे हे शेवटी त्याच्या आईने ठरविले. "जे होतं थे लिवा," ती म्हणाली. मी ते लांबलचक नाव दवाखान्याच्या कागदावरून अक्षर न् अक्षर उतरवून घेतले. तंबाखूच्या रकान्यात तिने चाळीस वर्षे सांगितली. मुलीचे लग्न ठरल्याप्रमाणे फाल्गुनात झाले. मुलाकडच्यांनी पंक्तीत दोन वेळा रस्सा मागून घेतला, आणि सासऱ्याचा मृत्यूचा दाखला कोणीही पाहायला मागितला नाही.